मुक्त सॉफ्टवेअर आणि थकलेली मने

२९ मार्च २०२४. जगभरची ख्रिस्तसभा त्या दिवशी गुड फ्रायडेच्या उपासनेत मग्न होती. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड ह्या मायक्रोसॉफ्ट कंपनीतील अभियंत्याने संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या जगभरच्या मंडळींना एक तातडीचे पत्र पाठविले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी मात्र दिले, आणि शोध घेता घेता ते एका चोरवाटेपाशी जाऊन पोहोचले. ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी जाणूनबुजून असा भाग दडविला होता, की ज्याच्याजवळ त्याची गुप्त किल्ली असेल त्याला लक्षावधी संगणकांत बिनदिक्कत शिरता यावे. सुदैवाने ही दूषित आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या टप्प्यावरील प्रणालींतच पोहोचली होती. मोठा अनर्थ टळला.

वृत्तपत्रांनी ह्या घटनेची तांत्रिक बाजू सविस्तर मांडली. आम्हांला मात्र तिची मानवी बाजू अधिक अंतर्मुख करून गेली, आणि तीच वाचकांपुढे ठेवण्याचा येथे प्रयत्न आहे.

एकट्याच्या खांद्यावरचे ओझे

‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान आकारात साठविण्याचे साधन होय. लिनक्स ह्या संगणक-प्रणालीच्या बहुतेक साऱ्या प्रकारांत ते वापरले जाते. इतक्या सर्वदूर पोहोचलेल्या ह्या साधनाची देखभाल फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे, विनावेतन, फावल्या वेळात करीत होते. त्यांचे नाव जाहीर आहे. येथे त्याची गरज नाही.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला. काम संथ चालले आहे, सुधारणा कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा त्या पत्रांचा सूर होता. आपण दीर्घकाळ मानसिक आरोग्याच्या तक्रारींशी झुंजत आहोत आणि हे काम म्हणजे एक बिनपगारी छंद आहे, याची आठवण ठेवावी, असे त्यांनी उघडपणे व नम्रपणे कळविले. तरी तगादा थांबला नाही. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणारा एक मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून विश्वास संपादन केला, देखभालीचे अधिकार मिळविले आणि अखेर त्याच अधिकारांच्या बळावर चोरवाट पेरली. तगादा लावणारी नावेही बनावट असावीत आणि हा सारा एकाच कटाचा भाग असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

येथे हल्ला यंत्रावर होण्याआधी एका थकलेल्या मनावर झाला. कुंपण कोठे कमकुवत आहे हे शत्रूने नेमके हेरले होते. हजारो जण ज्याच्या श्रमांवर विसंबून होते, त्याची चौकशी करणारे कोणी नव्हते. म्हणूनच खोट्या मदतनीसाला आत शिरणे सोपे गेले.

ओपन सोर्स म्हणजे काय?

ह्या क्षेत्राचा परिचय नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो, जो कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा आणि इतरांना द्यावा अशी परवानगी असते, त्याला ओपन सोर्स किंवा मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला आरंभ केला. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगाला देऊ केला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ साली रूढ झाले. आज आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्स आहे. बँकांचे, रुग्णालयांचे, रेल्वेचे व्यवहार ज्या संगणकांवर चालतात त्यांतही अशा मुक्त घटकांचा मोठा वाटा असतो.

मराठी वाचकांचा तर ह्याच्याशी अगदी जवळचा संबंध आहे. ‘लोहित’ हा मुक्त देवनागरी फाँट पुण्यात काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी जोपासला. ‘मुक्त’ हा फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेने घडविला. मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तीही मुक्त-स्रोतच आहे. आपली अक्षरे पडद्यावर नीट उमटावीत म्हणून कोणीतरी रात्री जागविलेल्या आहेत.

अशा सॉफ्टवेअरची जबाबदारी घेणाऱ्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, परंतु गाळ उपसायला, कठडा दुरुस्त करायला कोणीतरी हवा असतो. मेंटेनर हा तो गाळ उपसणारा माणूस. ‘टाइडलिफ्ट’ ह्या अमेरिकन संस्थेने २०२४ साली केलेल्या पाहणीत सुमारे ६० टक्के मेंटेनरांनी आपल्याला ह्या कामाचा मोबदला मिळत नसल्याचे सांगितले. साधारण तेवढ्याच जणांनी हे काम सोडले होते किंवा सोडण्याचा विचार केला होता.

मन का कोळपते?

सेवा आनंदाची असते, मग ती मनाला का जाळते? ह्याची काही कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले कारण, मागण्यांना अंत नाही. एक दोष दुरुस्त केला की दहा नव्या तक्रारी येऊन पडतात. वापरणारे जगभर पसरलेले असल्याने ह्याची रात्र तो कोणाचा तरी दिवस असतो. दिवसभर नोकरी, मग घर, आणि मुले झोपल्यावर हे काम, असा क्रम कित्येकांचा असतो. विश्रांतीचा वार असा उरतच नाही.

दुसरे कारण, चेहरा दिसत नाही. समोरासमोर जे बोलायला जीभ धजणार नाही, ते लिहिताना बोटे बिनदिक्कत लिहून जातात. ज्याच्यावर आपण चिडलो तो माणूस आजारी आहे, त्याच्या घरी कोणी नुकतेच वारले आहे, हे कळण्याचा मार्गच नसतो.

तिसरे कारण, जबाबदारी प्रचंड आणि सोबती थोडे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ ह्या सॉफ्टवेअरमध्ये तो होता. तेव्हा जगाला कळले, की ह्या कामासाठी पूर्णवेळ देणारा जवळजवळ एकच माणूस होता आणि त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर एवढ्याच होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन आगमनकाळात, ‘लॉगफोरजे’ ह्या साधनातील दोष जाहीर झाला, तेव्हाही मोजके स्वयंसेवक रात्रंदिवस दुरुस्तीला भिडले होते, आणि दुरून दूषणे देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता.

चौथे कारण अधिक सूक्ष्म आहे. हे काम त्या माणसाने प्रेमाने सुरू केलेले असते. म्हणून थांबणे त्याला विश्वासघातासारखे वाटते. ‘मी सोडले तर लोकांचे काय?’ हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. चांगल्या माणसालाच ही व्यथा जडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. हा स्वतंत्र आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असे तिने म्हटले आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती पूर्ण आटून जाणे, कामाविषयी मन विटणे व कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटनेची ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती आहे. परंतु पगार नसला तरी काम ते कामच, आणि मेंटेनरांच्या अनुभवात ही तिन्ही लक्षणे ओळखू येतात.

इथ्रोचा सल्ला

निर्गम ग्रंथाच्या १८ व्या अध्यायातील प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्यायनिवाडा करीत बसतो. त्याचे सासरे इथ्रो ते पाहतात आणि त्याला सावध करतात, की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमण्याचा सल्ला ते देतात. इथ्रो मोशेच्या निष्ठेला दोष देत नाहीत. ते कामाची मांडणी बदलायला सांगतात.

ओपन सोर्सच्या जगातही असा एक प्रसंग घडला. पायथन ह्या संगणक-भाषेचे जनक गिडो व्हान रोसम जवळजवळ तीन दशके तिच्याविषयीचा अंतिम निर्णय देत आले होते. एका प्रस्तावावरून झालेल्या कटू वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी त्या स्थानावरून निवृत्ती जाहीर केली व आपल्याला विश्रांतीची गरज आहे, हेही सांगितले. समुदाय कोलमडला नाही. त्याने चर्चा केली, मतदान घेतले आणि २०१९ साली पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडले. पहिल्या पाचांत व्हान रोसमही होते, मात्र आता पाचांपैकी एक म्हणून. पायथन आजही जोमाने वाढत आहे.

२०१८ सालच्याच सप्टेंबरमध्ये लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीही एक अनपेक्षित पाऊल उचलले. सहकाऱ्यांना लिहिलेल्या तिखट, अपमानकारक पत्रांबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली, इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेणार असल्याचे सांगितले आणि काही आठवडे कामापासून रजा घेतली. त्याच वेळी लिनक्सच्या समुदायाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ती २०१४ साली तयार झालेल्या ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट’ ह्या संहितेवर आधारलेली होती. ‘कव्हनंट’ म्हणजे करार. हा शब्द बायबलच्या वाचकांना परका नाही. त्या कराराचा आशय इतकाच, की कामावर टीका करावी, माणसावर नव्हे. पश्चात्ताप, क्षमायाचना आणि वर्तनात बदल हा क्रम आपण आपल्या कबुलीसंस्कारातून ओळखतो. तो एका अभियंत्याच्या पत्रात भेटावा, ही आनंदाची गोष्ट आहे.

एड फिंकलर ह्या अमेरिकन प्रोग्रामरने २०१३ पासून परिषदांत उभे राहून स्वतःच्या मानसिक आजाराविषयी मोकळेपणाने बोलण्यास सुरुवात केली. त्यातूनच सॉफ्टवेअर क्षेत्रातील मानसिक आरोग्यासाठी काम करणारी एक सेवाभावी संस्था उभी राहिली. एकाने मौन सोडले की अनेकांना शब्द सापडतात, असा हा अनुभव आहे.

पैशाच्या बाजूनेही काही हालचाल झालेली आहे. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांच्या साह्याने निधी उभारला. जर्मन शासनाने २०२२ साली अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र निधी स्थापन केला. कामकऱ्याला त्याचे वेतन मिळावे, ही प्रभूचीच शिकवण आहे. तथापि केवळ पैशाने एकटेपण जात नाही, हेही तितकेच खरे.

आमची कबुली

येथे आमचीही एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही वापरीत असलेल्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरे नीट उमटेनाशी झाली. अंक वेळेवर तयार करावयाचा होता. आम्ही रागाच्या भरात संबंधितांना एक खरमरीत पत्र धाडले. दोन दिवसांनी उत्तर आले. दोष दुरुस्त केलेला होता, आणि विलंबाबद्दल क्षमा मागितलेली होती: घरी आई रुग्णशय्येवर असल्याने रविवारी रात्रीच बसता आले, एवढेच कारण त्यात दिले होते. आम्ही ते सॉफ्टवेअर कित्येक वर्षे फुकट वापरीत होतो. त्यापूर्वी आभाराचे एक अक्षरही आम्ही लिहिले नव्हते. त्या आठवड्यात मिस्सामध्ये प्रवचन करताना आमचाच आवाज आम्हांला पोकळ वाटला.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येऊन आभार मानतो. ते उरलेले नऊ जण दुष्ट होते, असे तेथे म्हटलेले नाही. ते फक्त आपल्या वाटेने निघून गेले. आम्ही त्या नवांत होतो.

काय करता येईल?

जे अशा कामात आहेत त्यांना आमची विनंती, की आठवड्यातील एक दिवस कामाविना राखावा. शब्बाथाची आज्ञा देणाऱ्या परमेश्वराने मनुष्याची रचना स्वतः केली आहे. त्याला तिच्या मर्यादा ठाऊक आहेत. आपण काय करू शकतो आणि काय नाही, हे आधीच स्पष्ट लिहून ठेवावे. आपल्यामागे काम कोण पाहील, हे बरे असतानाच ठरवावे. ‘नाही’ म्हणणे हे पाप नव्हे.

समुदायांनी काम एकाच्या हाती साचू देऊ नये. नव्या माणसाला शिकविणे, तक्रारींची छाननी करणे, कटू पत्रांना उत्तर देणे ही कामे वाटून घ्यावीत. आचारसंहिता कागदावर पुरेशी नाही; ती मोडणाऱ्याला थांबविणारे दोन-तीन जण नेमलेले असावेत, म्हणजे अपमान झालेल्याला स्वतःसाठी भांडावे लागत नाही. नियमित येणारा सहकारी अचानक गप्प झाला, तर कामाची चौकशी करण्यापूर्वी त्याची करावी. मात्र अशा चौकशीला भुकेलेला माणूस खोट्या मैत्रीलाही बळी पडतो, हे ‘एक्सझेड’ने शिकविले. म्हणून ती आस्था खऱ्या मित्रांकडून आणि वेळीच मिळाली पाहिजे.

वापरणाऱ्यांनी, म्हणजे आपण सर्वांनी, तक्रार करताना समोर माणूस आहे हे स्मरावे. दोष स्पष्ट सांगावा, परंतु सौजन्याने. जमल्यास अल्पशी देणगी द्यावी, भाषांतरात किंवा चाचणीत हातभार लावावा. हे काहीच जमले नाही, तर निदान आभार मानावेत.

कुटुंबीयांनी आणि धर्मग्रामांनी जागरूक राहावे. आपल्या धर्मप्रांतातील अनेक मुले-मुली संगणक क्षेत्रात आहेत. २०२५ सालच्या सप्टेंबरमध्ये संतपद लाभलेले कार्लो अक्युटिस त्यांना आपलेसे वाटतात, कारण त्यांनी संगणकाचे कौशल्य प्रभूच्या सेवेला वाहिले. अशी एखादी तरुण व्यक्ती रात्रीमागून रात्री जागत असेल, जेवणावरून तिचे मन उडाले असेल, मित्रमैत्रिणींना टाळत असेल, स्वतःविषयी निराशेचे बोलत असेल, तर ‘हल्लीची मुले अशीच’ म्हणून दुर्लक्ष करू नये. तिच्याजवळ बसावे, ऐकावे, आणि वैद्यकीय मदत घेण्यास सोबत जावे. भारत शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धा उणी असणे नव्हे. वैद्याचा मान राखावा, कारण तोही परमेश्वरानेच निर्मिला आहे, असा बोध सिराकच्या ज्ञानग्रंथात आहे. प्रार्थना आणि औषध ही परस्परांची वैरी नव्हेत.

देवदूताची भाकर

एलीया हा थोर संदेष्टा. कार्मेल डोंगरावरील विजयानंतर तो जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता जगणे पुरे झाले, असे परमेश्वराला सांगतो. त्या वेळी परमेश्वर त्याला उपदेश करीत नाही, त्याच्या अपुऱ्या श्रद्धेबद्दल बोल लावीत नाही. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो, ऊन भाकर आणि पाणी देतो. एलीया जेवतो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवू घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. पुढचे कार्य त्याला सांगितले जाते ते त्यानंतर. आणि त्या कार्यात अलीशा हा सोबतीही दिला जातो.

थकलेल्या मनाला आधार कसा द्यावा, ह्याचा क्रम येथे दिलेला आहे: आधी जवळ येणे, मग अन्न व विश्रांती, त्यानंतर काम, आणि तेही एकट्याने नव्हे. संगणकाच्या जगाला हा क्रम लागू आहे, तसाच तो आपल्या धर्मग्रामांनाही आहे. वर्षानुवर्षे धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनी, गायनवृंद सांभाळणारे बंधू, चर्चचा हिशेब मुकाट्याने लिहिणारे वृद्ध गृहस्थ, ह्यांना आपण शेवटचे कधी विचारले, की ‘तुम्ही बरे आहात ना?’

ज्यांच्या नावाचीही आपल्याला माहिती नाही, परंतु ज्यांच्या श्रमांवर आपले दैनंदिन व्यवहार उभे आहेत, अशा साऱ्यांना येत्या रविवारच्या मिस्साबलिदानात आपल्या प्रार्थनेत स्थान द्यावे, ही वाचकांना विनंती. आणि घरी परतल्यावर, आपण रोज वापरीत असलेल्या एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्त्याला आभाराच्या दोन ओळी लिहाव्यात. आम्हीही त्या जोडाक्षरवाल्या बंधूला उशिरा का होईना, तसे पत्र लिहिले आहे. त्याच्या आईची प्रकृती आता कशी आहे, हे प्रथम विचारून.